पहिला आकडा

सर बाजारात निघाले की भाव चढायचे. सुलतान बाजारातला पेरूवाला त्यांना लांबून ओळखायचा आणि शेजारच्या गाडीवाल्याला कोपर मारून सांगायचा, "आ रहे मियाँ, चुप डॉक्टर आ रहे." सर गाडीपाशी थांबायचे, भाव विचारायचे, पेरूवाला तोंडाला येईल तो आकडा सांगायचा आणि सर खिशात हात घालायचे. घासाघीस नाही, "काही कमी कर" नाही, साधं तोंड वाकडं करणंही नाही. शेजारी उभ्या उभ्या माझा जळफळाट व्हायचा.

माझं अर्धं लहानपण त्याच बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात गेलं. वडील तिथे गुमास्ते होते. शाळा सुटली की मी गादीच्या कडेला बसून गिऱ्हाइकं बघायचो. पहिला भाव खरा नसतो, हे मला बाराखडी यायच्या आधी कळलं होतं. दुकानदार चढवून सांगतो, गिऱ्हाईक पाडून मागतं आणि खरी किंमत त्या दोघांच्या मधे कुठेतरी दडून बसलेली असते. तिला बाहेर काढणं म्हणजे भाव करणं. याच्यात काही कमीपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना आयुष्यात काही स्वतःच्या हिमतीवर मिळवावं लागलेलं नसतं.

एकदा मला राहवलं नाही. फूटपाथवर एक बाई स्वेटर विकत होती. सरांनी एक उचलला, तिनं भाव सांगितला. मी मधे पडलो, "अम्मा, आधे में देव." ती लगेच तयार झाली. सरांनी तिच्या हातावर तिनं आधी सांगितलेली पूर्ण रक्कम ठेवली. चालता चालता मला म्हणाले,

"शेठ, तिनं सांगितलं, मी ऐकलं. मधे तू कशाला?"

"सर, ती खोटं सांगत होती."

"सांगू दे की. मला तिचा आकडा पाहिजे होता, तो मिळाला."

मला ते 'शेठ' म्हणायचे. दुकानात वाढलो म्हणून. लाडानं म्हणायचे की टोचून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सर कोठी भागातल्या एका संस्थेत व्यसनांवरच्या संशोधनाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. घराणं मराठवाड्यातलं, शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूत. मराठी बोलताना मधेच 'हौ' आणि 'नक्को' यायचं. अंगानं काटकुळे, शर्ट बाहेर सोडलेला, पायात चामड्याच्या चपला. चहापलीकडे कुठलं व्यसन त्यांना कधी शिवलं नव्हतं, आणि तरीही या शहरातले पिणारे लोक त्यांच्याइतके कुणाला माहीत नव्हते.

आमचा विषय होता कल्लू, म्हणजे ताडी. शहरातल्या ताडीच्या दुकानांना इथे कंपाउंड म्हणतात आणि तिच्या बाटलीला सीसा. तिथे जी मिळायची तिच्यात ताडी नावाला आणि पाण्यात कालवलेली पावडरच जास्त. पावडर म्हणजे झोपेच्या गोळीत असतं तेच औषध. पिणाऱ्याला वाटायचं आपल्याला ताडीची सवय लागली आहे; खरी सवय लागलेली असायची गोळीची. ती एकदम तुटली की माणसाला फेफरं यायचं. भिंतीवर नसलेले किडे झटकत लोक इस्पितळात यायचे, काही तिथेच संपायचे. हळूहळू कमी करत नेलं तर वाचायचे. पण हळूहळू म्हणजे कुठून सुरुवात? माणूस किती घेतो, हे आधी कळलं पाहिजे. आणि पिणाऱ्याकडून तो एक आकडा काढून घेणं, हेच आमचं सगळं शास्त्र होतं.

आम्ही दोघं नवीन होतो. मी, आणि वरंगलची पद्मजा. मी मानसशास्त्राचा एम.एस्सी., शिष्यवृत्त्यांवर शिकलेला. पहिल्या दिवशी सरांनी मला समोर बसवलं आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले,

"मी सकाळी दात घासायच्या आधी पितो. काल मुलीच्या फीचे पैसे पिऊन टाकले."

मी हादरलो.

"डावी भुवई," सर म्हणाले. "पुन्हा."

असं कितीतरी आठवडे चाललं. सर रोज नवीन पाप कबूल करायचे. बायकोचं मंगळसूत्र विकलं, बापाच्या मयताला पिऊन गेलो, भावाला जिन्यावरून ढकललं. आम्ही ऐकायचं आणि चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. भुवई उंचावली की माणूस आकडा खाली आणतो, मान डोलावली की वर नेतो, असं त्यांचं म्हणणं. "व्यसनी खोटं बोलत नसतो," ते म्हणायचे. "समोरच्याला जे हवं असतं ते तो बोलतो. तुम्हाला काही हवंय हे त्याला दिसताच कामा नये."

पद्मजाला हे आठवड्याभरात जमलं. सर म्हणाले, "मी आईवर हात उगारला," तर ती शांतपणे विचारायची, "कितनी बार, सर?" मला जमायला फार वेळ लागला. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. राग तर आधी दिसतो आणि मग येतो.

खोलीत एकच वेताची खुर्ची होती, हात असलेली. तिच्यात रुग्ण बसायचा. सर समोर लोखंडी स्टुलावर, त्याच्यापेक्षा हातभर खाली. मुलाखतीआधी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचं. प्रश्न एकदाच विचारायचा, साधा. मग गप्प बसायचं. त्यांना चुप डॉक्टर म्हणायचे ते यावरून. वीज जायची, पंखा थांबायचा, खालून बसचे हॉर्न वाजत राहायचे, सर हलायचे नाहीत. एकदा त्या शांततेत एक रंगारी खुर्चीतच झोपी गेला. तो उठेपर्यंत सर बसून राहिले. उठल्यावर त्यानं डोळे चोळत आकडा सांगितला आणि सरांनी तो असा लिहून घेतला, जणू मधे झोप झालीच नव्हती.

"आणि उत्तर खोटं वाटलं तर, सर?" मी विचारलं होतं.

"तरी लिहायचं. आज एक म्हणाला तर एक लिही. पुढच्या वेळी दीड म्हणेल. त्याच्या पुढे दोन. तो त्याच्या पायानं येईल रे. आपण ओढायला जायचं नक्को."

माझी पद्धत वेगळी होती. ती मी ठरवून काढली नव्हती, ती माझ्या रक्तातच होती. मी रुग्णाशी गप्पा मारायचो, चेष्टा करायचो, त्याच्या बोलीत बोलायचो. लोक माझ्याकडे यायचे. कंपाउंडच्या दारात हमाल मला हाका मारायचे, "ओ साब, आज हमारा नंबर नईं क्या?" सरांच्या खुर्चीकडे जाताना मात्र त्यांचं पाऊल जड व्हायचं. दोन वर्षांत माझ्या मुलाखतींचा ढीग पद्मजाच्या कितीतरी पट झाला.

मला त्या ढिगाची गरज होती. देशाची दारं तेव्हा नुकतीच किलकिली झाली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ, घरोघर केबल, संस्थेत पहिला कॉम्प्युटर प्लास्टिकच्या झाकणाखाली. संशोधनालाही परदेशातून पैसा यायला लागला होता. अशाच एका योजनेत आमच्या विभागातून एका तरुण माणसाला शिकायला बाहेर पाठवायचं होतं. एकालाच. ज्याचं काम छापून येण्याजोगं असेल आणि ज्याची सर शिफारस करतील, त्याला. पद्मजाचे वडील प्राध्यापक होते. ती आज ना उद्या गेलीच असती. माझ्या बापाला दुकानात बसायला गादीसुद्धा नव्हती. मला हा एकच दरवाजा होता. घरी आईनं शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

मुलाखती टेपवर घ्यायचा नियम होता. सर त्या सवडीनं ऐकायचे. एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. माझी आणि मल्लय्याची मुलाखत होती. मल्लय्या धान्याच्या गोदामातला हमाल, मान पोत्यांनी आखूड झालेली, हसरा.

माझा आवाज आला, "कितना पीते, मल्लय्या?"

"एक सीसा, साब."

"एक? एक में तुम्हारी मूँछ भी गीली नईं होती. छे बोलो."

"अरे, छे कौन पीता साब! दो."

"पाँच."

"तीन करो, साब."

"चार. आखरी."

मल्लय्या खो-खो हसला. "चलो, तुम्हारी खातिर, चार लिख लेव."

पद्मजाला हसू आवरेना. मीही हसलो. मुलाखत छान रंगली होती. सर हसले नाहीत. त्यांनी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. तोवर पद्मजाचं हसू गेलं होतं.

"शेठ," सर म्हणाले, "हा आकडा कुणाचा?"

"मल्लय्याचा, सर."

"मल्लय्याचा एक होता. तुझा सहा होता. चार कुणाचा?"

"खरा, सर. खरा आकडा मधेच कुठेतरी असतो."

"सहाऐवजी दहापासून सुरू केलं असतंस तर कितीला सौदा तुटला असता? सहाला? सातला? मग तो खरा?"

मी बोलायला लागलो. माझा आवाज चढला, तो चढतोच. मी म्हणालो, माणूस पितो ते लाजेनं कमी सांगतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही एक लिहून घेता तो आकडा शंभर टक्के खोटा, माझा निदान जवळपास जातो. मी म्हणालो, हे लोक माझ्याशी मोकळं बोलतात, तुमच्यासमोर त्यांना घाम फुटतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. भुवई हलली नाही. मग इतकंच विचारलं,

"सगळ्या मुलाखती अशाच?"

"सगळ्या," मी म्हणालो. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

सरांनी माझ्या दोन वर्षांच्या सगळ्या मुलाखती अभ्यासातून काढून टाकल्या. एकही ठेवली नाही. निम्म्या ठेवा म्हणालो, नाही. ज्यांत फार ओढाताण नाही तेवढ्या तरी ठेवा म्हणालो, नाही. पुन्हा त्याच लोकांना विचारतो, मुदत द्या म्हणालो, तर म्हणाले, "त्यांना आता तू भाव करायला शिकवलंस. ते आता तुझ्या सहाची वाट बघतील." मी त्या माणसाशी जितकी घासाघीस केली तितकी मी पुढे कुठल्याही परदेशी कंपनीशी केली नाही. तो एका पैशानं खाली आला नाही. त्याच्या आयुष्यात तो प्रकारच नव्हता.

मल्लय्याला मात्र सरांनी स्वतः बोलावलं. त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं, घड्याळ काढलं, विचारलं आणि गप्प बसले. मी दाराशी उभा होतो. मल्लय्यानं माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पंचा पिळला. शेवटी म्हणाला, "एक सीसा, साब."

सरांनी लिहिलं, एक. मला हसू आलं, ते मी लपवलं नाही.

"पुढच्या सोमवारी ये," सर त्याला म्हणाले.

मधल्या दिवसांत मल्लय्या पुतणीच्या लग्नाला गावी गेला. तिकडे अबकारीवाल्यांनी धाड घातली होती, गावातलं कंपाउंड बंद होतं. मांडवातच त्याला फेफरं आलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तोवर सगळं झालं होतं. आम्हाला हे गोदामातल्या दुसऱ्या हमालानं येऊन सांगितलं. सोमवारी सर ठरल्या वेळी स्टुलावर जाऊन बसले. समोर रिकामी खुर्ची. मी आत गेलो.

"तुमच्या कागदावर तो अजून एकच पितोय, सर."

"हौ," सर म्हणाले. "त्यानं एकच सांगितलं होतं."

तसेच बसून राहिले. मला तेव्हा वाटलं, हा माणूस दगड आहे. पद्मजा मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "तू भी ना, बाबू. कब बोलना, कब नईं, तेरे कू समझताच नईं." तिला काहीतरी दिसलं असावं. मी पाहिलं नाही, कारण मला पाहायचं नव्हतं.

पद्मजा बाहेर गेली. तिचा ढीग छोटा होता, पण त्यातला एकूण एक आकडा ज्याचा त्याचा होता, असं सरांनी शिफारशीत लिहिलं. आईनं शेजारणींना काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विभाग सोडताना सर जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "शेठ, तुझा कान चांगला आहे. तोंड आड येतं." मी जिना उतरून निघून गेलो.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. औषधकंपन्या या शहरात आल्या, त्यांना चाचण्यांसाठी रुग्णांशी नीट बोलणारी माणसं हवी होती. मी एका खोलीत सुरुवात केली, आज चार मजले आहेत. सगळं भाव करून मिळवलं. नव्या मुलामुलींना मी समोर बसवतो आणि सांगतो की काल मी बायकोचे दागिने विकले. त्यांच्या भुवया वर जातात. "पुन्हा," मी म्हणतो. हे कुणाकडून शिकलो ते मी कधी सांगितलेलं नाही. ज्यानं दोन वर्षं कचऱ्यात टाकली त्याचं नाव फुकट कशाला गाजवायचं?

सरांची बायको गेल्याचं मला उशिरा कळलं. ते मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे पहिल्या मजल्यावर एकटे राहत होते. इतकी वर्षं घोड्यांच्या टापा ऐकून त्यांनी एकही शर्यत पाहिली नव्हती. मग एक दिवस त्यांच्या मुलीचा, मंजिरीचा, अमेरिकेहून फोन आला. ती लहान असताना विभागात यायची, मला काका म्हणायची.

"काका, आई गेल्यापासून बाबा झोपेच्या गोळ्या घेतायत. फोनवर त्यांची जीभ जड लागते. किती घेता विचारलं की 'एक' म्हणतात. मला खरं वाटत नाही."

"मग डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर म्हणतात, किती घेतात ते आधी सांगा, म्हणजे कशी कमी करायची ते ठरवू. काका, तुम्ही जाल? बाबा नेहमी म्हणायचे, शेठ दगडाकडूनही आकडा काढेल."

असं ते म्हणत होते तर. माझ्या पाठीमागे.

मी गेलो. सरांनी स्वतः दार उघडलं. भिंतीला धरून चालत होते. खोलीत ती वेताची खुर्ची होती आणि ते लोखंडी स्टूल. निवृत्त होताना त्यांनी दोन्ही संस्थेकडून विकत घेतली होती. सांगतील त्या भावात, हे वेगळं सांगायला नको. ते खुर्चीत बसले आणि मला स्टूल दाखवलं.

"मंजीनं पाठवलं?"

"हो, सर."

"मग विचार की. घड्याळ काढ आधी."

मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. स्टुलावर बसल्यावर माणूस किती खाली जातो, हे मी विसरलो होतो.

"सर, झोपेसाठी काही घेता?"

"हौ."

"दिवसाला किती गोळ्या?"

मग मी गप्प बसलो. सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर होते आणि बोटं थरथरत होती, पंचा पिळणाऱ्या मल्लय्याच्या बोटांसारखी. कुठल्याही नवशिक्याला दिसलं असतं. माझ्या जिभेवर आकडा तयार होता. सहा म्हणायचं. सर "छट, दोन" म्हणतील. मी पाचावर येईन. ते चिडतील, उर्दूत सुरू होतील, आणि चहा येईपर्यंत आम्ही कुठेतरी पोचू. मला फक्त तोंड उघडायचं होतं. खाली कुणीतरी घोड्याला चुचकारत नेत होतं. तो आवाज लांब गेला, तरी मी तोंड उघडलं नाही.

"एक," सर म्हणाले.

मी हललो नाही. श्वाससुद्धा बदलला नाही. सर माझ्या कपाळाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू आलं.

"भुवई हलली नाही," ते म्हणाले. "शिकलास की रे, शेठ. पास."

मी रडणारा माणूस नाही. पण त्या एका शब्दासाठी मी किती वर्षं थांबलो होतो, ते तो कानावर पडल्यावर कळलं. त्याच्यानंतर त्या खोलीत मला काही विचारता येणं शक्य नव्हतं. आणि नियम तर होताच. आज एक म्हणाले. पुढच्या आठवड्यात येऊन बसू, दीड म्हणतील. आपण ओढायला जायचं नाही. खाली उतरलो आणि रिक्षावाल्याशी असा भांडलो की आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले.

सरांनी जे सांगितलं होतं तेच मी मंजिरीला कळवलं. एक. तिनं डॉक्टरला कळवलं. डॉक्टर म्हणाला, एकच असेल तर हळूहळू कशाला, बंदच करून टाका. सरांनी ऐकलं. एका शब्दानं हुज्जत घातली नाही; त्यांनी कधी कुणाशी घातली होती? एकदम तोडल्यावर काय होतं, हे या शहरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्याच्या आतच शेजाऱ्यांना ते न्हाणीघराच्या दाराशी पडलेले सापडले. हातपाय आखडलेले होते.

तेराव्याला मी कोठीत हार घ्यायला थांबलो. हारवाल्यानं भाव सांगितला, मी निम्म्यात मागितला. तो म्हणाला, "साब, मय्यत के हार पे क्या भाव करते?" मी केला. निम्म्यात घेतला. पुढच्या आठवड्यात सरांसमोर पुन्हा जाऊन बसायचा माझा वायदा कुणीतरी हिरावून घेतला होता, त्याचा राग कुठेतरी काढायलाच हवा होता.

लोक गेल्यावर मंजिरीनं मला थांबवलं. कपाटातून जुन्या कॅसेटींचे डबे काढून टेबलावर ठेवले. एक उघडला. आत कॅसेट नव्हती. गोळ्यांची रिकामी पाकिटं दाबून भरलेली होती. दुसऱ्यात तेच. बाकीचे तिनं उघडले नाहीत. तसे पुष्कळ होते.

"काका, तुम्ही विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मग?"

"एक म्हणाले."

"आणि तुम्ही ते मानलंत?" ती म्हणाली. "तुम्ही?"

माझा आवाज चढला. मी म्हणालो, तुझ्या बापानंच शिकवलं तसं विचारलं. त्याच माणसानं माझी दोन वर्षं फेकून दिली, मी आकडा ओढून काढला म्हणून. ओढलं तर नापास, नाही ओढलं तर हे. मी म्हणालो, मी जन्मात कुणाचा पहिला भाव मानला नाही; एकदाच मानला, आणि तो या माणसाचा. त्यानं मला पास केलं आणि एक आकडा गळ्यात मारला. माझ्यापेक्षा तोच पक्का दुकानदार निघाला. आणखीही बरंच काही बोललो. मग बोलायचं संपलं.

मी स्टुलावर बसलो होतो. वेताच्या खुर्चीत कुणी नव्हतं. मंजिरी समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिनं हुंकार दिला नाही, मान हलवली नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही. 'तुम्ही ते मानलंत?' याच प्रश्नाच्या उत्तराची ती अजून वाट बघत होती, आणि तिची भुवई हलत नव्हती.